दोन नंबरच्या पंख्याचे कडे

१३ मे

खाणीत हवा खेळवणारा दोन नंबरचा पंखा आज सकाळी पुन्हा गुदमरला. या महिन्यातली ही तिसरी खेप. आधी एक खोल गुरगुर, मग इमारतीचे सगळे पत्रे थडथडवणारी गर्जना, आणि दाबमापकाचा काटा वेड्यासारखा मागेपुढे. हा आवाज वस्तीपर्यंत जातो. तो ऐकला की बायका हातातले काम टाकून दारात येतात, कारण त्याचा अर्थ त्यांना पाठ झाला आहे: खोल विभागाची हवा गेली, माणसे वर काढणार.

दुपारी व्यवस्थापक चिसांगा यांनी बोलावले. या गृहस्थांच्या टेबलावर एकही कागद कधी सरळ रेषेत नसतो. मात्र त्यांनी पाल्हाळ लावले नाही, एवढे श्रेय देते.

“डॉक्टर सांपा, वरून निरोप आलाय. जुलैच्या मध्यापर्यंत खोल विभागाला पुरेशी हवा पोचली नाही, तर त्याला कुलूप. तीनशे माणसं आहेत तिथं. नवा पंखा मागवला तर यायला दीड वर्ष. तोवर खाली पाणी भरेल, आणि मग तो विभाग पुन्हा कोणी उघडायचा नाही.”

गेले वर्षभर जे सांगत आले तेच मी पुन्हा सांगितले. दोष पात्यांत नाही, मोटारीत नाही. तो कवचात आहे. खाणीचा अवरोध, म्हणजे बोगद्यांतून हवा जायला होणारा अडथळा, वाढला की पंख्याला हवा ओढणे जड जाते. मग पात्यांच्या टोकांशी, कवचाला घासून चाललेली हवा दमते, अडखळते आणि उलटी फिरून पात्यांच्या तोंडावरच येऊन बसते. ती तिथे साचली की मागून येणाऱ्या हवेला आत शिरायला वाट उरत नाही. यालाच स्टॉल म्हणतात. उपाय असा, की पात्यांच्या किंचित अलीकडे कवच सभोवार रुंद करायचे. म्हणजे तिथे एक पोकळ कडे तयार होते. उलटी आलेली हवा त्या कड्यात शिरते. आत बसवलेल्या उभ्या पट्ट्या तिची गिरकी मोडतात, आणि ती सरळ होऊन पुढल्या बाजूने मुख्य प्रवाहात परत येते. पाती मोकळी राहतात.

चिसांगांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे पंख्याला ढेकर द्यायला जागा करून द्यायची.”

माझ्या चार वर्षांच्या प्रबंधाचा त्यांनी ढेकर केला. पण परवानगी मिळाली. जुलैच्या आरंभी, रविवारला जोडून येणाऱ्या वीरदिन आणि ऐक्यदिनाच्या सुट्टीत खाण बंद असते. कडे तेवढ्या अवधीत बसवायचे. नाही बसले, तर दुसरी संधी नाही.

१७ मे

कार्यशाळेचे प्रमुख बा सिमुकोंदे हे चर्चच्या गायकवृंदाचेही प्रमुख आहेत, आणि दोन्ही ठिकाणी त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा असतो. कडे चार चतकोरांत बनवून पंख्याभोवती जोडायचे आहे, असे मी त्यांना सांगितले. इथे बाईला आदराने ‘मायो’, म्हणजे आई, म्हणतात, तसे पुरुषाच्या नावाआधी ‘बा’ लावतात.

“चारच तुकडे? मायो, या हातांनी मी अख्खा बॉयलर वाकवलाय. तो बघून एक साहेब रडला होता. खांद्यावर डोकं ठेवून रडला.”

“कोणता साहेब?”

“गेला तो. पण रडला होता.”

मी नकाशे पुढे ठेवले. प्रत्येक मापाशेजारी किती फरक चालेल ते लिहिले आहे: एक मिलिमीटर. सर्वत्र एक. त्यांनी चष्मा लावला, नकाशा वाचला, चष्मा काढला, आणि तो शर्टाच्या टोकाने फार वेळ पुसत राहिले.

२३ मे

खोल विभागाच्या पहिल्या पाळीचे प्रमुख गेर्शोम नाल्वाम्बा आज पंखाघरात आले. निमित्त, दाब किती आहे हे विचारण्याचे. हा आकडा त्यांना खालून फोनवर मिळतो. पाळी संपवून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, एवढे अंतर चालत येऊन तोच आकडा विचारायचा, याला मी वेळेचा अपव्यय म्हणते. तसे त्यांना सांगितलेही.

“खरं आहे,” म्हणाले, आणि बसले.

उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. कंत्राटदार मंडळी अशाच भेटी घेऊन येतात. मी ती पिशवी परत त्यांच्याकडे सरकवली.

“शेंगा आहेत, मायो. लाच द्यायची असती तर कोंबडी आणली असती.”

जाता जाता सांगून गेले, की खाली माणसे माझा उल्लेख ‘बाना म्वेला’ असा करतात. इथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाना चोला, बाना काम्पाम्बा. मला मूल नाही, म्हणून त्यांनी वारा माझ्या ओटीत घातला आहे. वाऱ्याची आई. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाईला हे नाव ठेवण्यात कोणता विनोद आहे, असे मी विचारले.

“खाली कोणी हवेचं नाव थट्टेनं घेत नाही,” ते म्हणाले.

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

शेंगा खुर्चीवर राहून गेल्या होत्या. मीठ बरोबर पडले होते.

३० मे

पहिला चतकोर तपासला. बाहेरच्या वक्रात चार मिलिमीटरची चूक. परत केला.

“चार मिलिमीटर?” बा सिमुकोंदेंचा आवाज छताला लागला. “मायो, एवढ्यात डास पण आडवा होत नाही.”

“आपण डासासाठी बनवत नाही आहोत.”

“त्या बॉयलरवर तो साहेब रडला होता, म्हटलं.”

“त्याचं कारण आता मलाही कळलं.”

वेल्डिंगवाले हातातले काम थांबवून हसले. त्यांना हसवण्याचा माझा हेतू नव्हता.

एकटी असताना मात्र ही शंका नोंदवून ठेवते: प्रयोगशाळेत माझे कडे दोन फूट व्यासाच्या पंख्यावर बसले होते. इथे व्यास त्याच्या पाचपट. हवा मोठ्या पंख्यात तशीच वागते, हे मी परीक्षकांना सिद्ध करून दाखवले आहे. हवेला ते कोणी कळवले आहे की नाही, हे मला ठाऊक नाही.

६ जून

थंडी पडली. पहाटे तोंडातून वाफ येते.

या आठवड्यात पंखा तीनदा गुदमरला. तिन्ही वेळा पहिल्या पाळीत. दुपारी तो अगदी शहाणा असतो. खाणीचा अवरोध पहाटे माझ्या गणितापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त भरतो आणि दहाच्या सुमारास आपोआप गणिताशी जुळतो. दुपारी खरा आणि पहाटे खोटा, असला आकडा मी खपवून घेऊ शकत नाही. मापके मी स्वतः तपासली. दोष त्यांच्यात नाही. म्हणजे तो खाली आहे. खाली म्हणजे पहिली पाळी, आणि पहिली पाळी म्हणजे नाल्वाम्बा.

हा अवरोध खरा असेल, तर कड्याने मिळवून दिलेली सगळी सवड तोच खाऊन टाकील. कडे बसवूनही पंखा ओरडेल, आणि मग माझे कोणी ऐकणार नाही. परवा पहिल्या पाळीबरोबर खाली जाते.

८ जून

राग अजून उतरलेला नाही.

खोल विभागात उतरायला दोन पिंजरे, म्हणजे माणसांची नेआण करणारे पाळणे, बदलावे लागतात. पहिला मधल्या स्थानकावर सोडतो. तिथून बोगद्याने दुसऱ्या पिंजऱ्यापर्यंत चालायचे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. खोल विभागाकडे जाणारी सगळी ताजी हवा याच बोगद्यातून जाते. माझ्या नकाशात तो बोगदा मोकळा आहे.

प्रत्यक्षात तिथे न्साका उभा होता.

गावातले पुरुष ज्या गवती छपराखाली समोरासमोर बसून जगाचा निकाल लावतात, तो न्साका. आमची चार माणसे जिथे थांबतील तिथे तो उभा राहतो. बसथांब्यावर, इस्पितळाच्या आवारात, लग्नमांडवाच्या मागे. पण जमिनीच्या पोटात, ऐन हवेच्या वाटेत! खनिज वाहणाऱ्या यंत्राचे जुने रबरी पट्टे छतापासून खाली सोडलेले, अलीकडून आणि पलीकडून. बोगद्याची बरीचशी वाट त्यांनी अडवलेली. आत बाकडी, चहाची किटली, आणि चाळीसेक माणसे अंग चोरून बसलेली. उरलेल्या फटीतून हवा शिट्टी वाजवत जात होती. अवरोधाचा तो पाचवा हिस्सा माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

“हे कोणी बांधलं?”

सगळे किटलीकडे पाहू लागले. मग मागून एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, “थंडीनं, मायो.”

हशा.

“तुम्हाला हवा मिळावी म्हणून मी वर्षभर डोकं फोडतेय, आणि तुम्ही इथं बसून तिचाच गळा दाबताय! पंखा ओरडतो, तुम्हाला वर काढावं लागतं, विभागाला टाळं लागायची वेळ आली, ते या रबरापायी!”

“हवा पाहिजेच की, मायो,” तेच गृहस्थ. “पण पाठीवर नको.”

मी एकाचा सुरा मागून घेतला आणि दोऱ्या कापल्या. पट्टे खाली आले आणि वारा अंगावर आला. तो किती थंड होता हे इथे नोंदवणे प्राप्त आहे. किटलीखालचा जाळ विझला. माणसे कोटाची बटणे लावू लागली. नाल्वाम्बांनी न विचारता आपले जाकीट माझ्या खांद्यांवर टाकले. मी ते परत केले. मापात बसत नव्हते.

दुसऱ्या पिंजऱ्यात मी त्यांना विचारले, की प्रमुख या नात्याने त्यांनी हे चालू कसे दिले.

“चालू कसलं? पट्टे मीच आणवले. दर वर्षी थंडीत लावतो, ऊन तापलं की काढतो.”

“तुम्ही?”

“पहाटे अंधारात उठून येतात ती. अंग गारठलेलं. इथं बसून राहायचं, ते पण वाऱ्याच्या तोंडावर. पट्ट्याचा पंख्याशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानात येणार? तुम्ही खाली येता, पण दुपारची. तेव्हा आम्ही पट्टे बाजूला केलेले असतात, येजा असते म्हणून.” मग म्हणाले, “आणि मायो, थंडीवर ओरडून थंडी जात नाही.”

माझ्या येण्याच्या वेळेचा इथे काय संबंध, ते कळले नाही.

१० जून

पट्टे पुन्हा लागले आहेत. मापकाने पहाटेच सांगितले.

१२ जून

शिक्षेच्या आदेशाचा मसुदा काल तयार केला होता. वाक्यरचना निर्दोष होती. आज तो फाडला, कारण आदेशाने पट्टे निघतील आणि त्यांच्या जागी घोंगड्या लागतील.

मधल्या स्थानकाजवळ एक जुना, निकामी आडबोगदा आहे. तो हवेच्या वाटेबाहेर आहे. तिथे वारा फिरकत नाही. त्यात बसायची जागा करायची, असे ठरवून नकाशा काढला. काम करायचेच तर नीट करावे, म्हणून बाकडी गोलात मांडली. समोरासमोर बसता आले नाही तर त्याला न्साका म्हणता येणार नाही. किटलीसाठी मध्ये दगडी चौथरा, आणि धुराला बाहेर काढायला वर एक नळी.

नाल्वाम्बांनी नकाशा पाहिला. बाकांच्या रेघांवरून बोट फिरवले.

“बाकांच्या पाठीला उतार दिलाय तुम्ही.”

“माणसाच्या पाठीला तो लागतो.”

“लागतो,” ते म्हणाले. आणि मग विचारले, काम झाल्यावर हा नकाशा मी ठेवला तर चालेल का?

झालेल्या कामाचा नकाशा कोणाच्या काय उपयोगाचा? पण द्यायला हरकत नव्हती.

१९ जून

न्साका आडबोगद्यात गेला. पट्टे गोदामात गेले. अवरोध पहाटेही गणिताशी जुळतो. आठवडाभर पंखा एकदाही ओरडला नाही, आणि हेच माझ्या मुळावर आले.

“अभिनंदन, डॉक्टर,” चिसांगा म्हणाले. “पंखा गप्प झाला. मग आता ढेकराचा खटाटोप कशाला? सुट्टीत माणसं घरी जाऊ देत की.”

पंखा गप्प आहे कारण आपण त्याची पाती मिटल्यासारखी ठेवली आहेत, असे मी सांगितले. पात्यांचा कोन वाढवला तरच खोल विभागाला पुरेशी हवा जाईल. पण कोन वाढवला की पंखा पुन्हा स्टॉलच्या कडेला येऊन उभा राहतो. वरून आलेला निरोप हवेचा आहे, शांततेचा नाही. कडे नसेल तर जुलैच्या मध्याला एक अत्यंत शांत पंखा आणि एक बंद विभाग, अशी आपली कमाई असेल.

ते मान डोलावत होते. अहवाल न वाचणारी माणसे डोलावतात तशी. तेव्हा मी त्यांना सर्वांत खोल टोकाला चला म्हटले.

तिथे हवा हलत नाही, अंगाला चिकटते. नाल्वाम्बांनी साहेबांना एका खोक्यावर बसवले आणि आपल्या बहिणीच्या मक्याच्या शेताची हकीकत सुरू केली. पेरणीपासून. इतक्या सावकाश बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. कणसे धरेपर्यंत साहेबांचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला.

“नाल्वाम्बा,” ते धापा टाकत म्हणाले, “तू रोज इथंच बसतोस?”

“बसायला कुठं मिळतं साहेब? रोज काम असतं.”

वर आल्यावर पाण्याचे दोन ग्लास पिऊन चिसांगांनी सही केली. साध्या मुद्द्यावर येण्यासाठी मक्याची इतकी लांबण कशाला हवी होती, असे मी नाल्वाम्बांना विचारले. ते म्हणाले, कापणी अजून राहिलीच आहे, ती मला कधीतरी निवांत सांगतील.

२६ जून

तीन चतकोर पसंत पडले. चौथ्याच्या बाहेरच्या भिंतीत सहा मिलिमीटरची चूक आहे, आणि पुन्हा बनवायला वेळ नाही.

सकाळपासून आकडेमोड केली. निष्कर्ष असा: कड्याच्या बाहेरच्या भिंतीत दहा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी हवेला त्याचा पत्ता लागत नाही. तिला जाणवते ती एकच जागा, पात्यांच्या टोकांशेजारचा ओठ. तिथे एक म्हणजे एकच. त्याप्रमाणे नकाशा सुधारला. ही सवलत नव्हे, स्पष्टीकरण आहे.

बा सिमुकोंदेंनी सुधारलेला नकाशा वाचला. मग कोपऱ्यात पडलेल्या, मी नाकारलेल्या त्या पहिल्या चतकोराकडे पाहिले. मग माझ्याकडे.

“म्हणजे मायो, तो पण चालला असता?”

“त्याचा ओठही चुकला होता. दीड मिलिमीटर.”

त्यांनी पट्टी घेतली, जाऊन मोजले, आणि तिथूनच ओरडले, “दीड! बरोबर!” जणू काही त्यांनाच बक्षीस लागले होते. “मग ओठ मी स्वतः घासतो. पोरांना हात लावू देत नाही.”

२९ जून

बा सिमुकोंदे दोन दिवस ओठ घासत होते. गाणे नाही, बॉयलर नाही, साहेब नाही. आज तपासला. सगळीकडे एकच्या आत, एक जागा सोडून. तिथे दोन.

उद्या कडे चढवायचे आहे.

या दोन मिलिमीटरकडे मी इतका वेळ पाहत बसले, की बा सिमुकोंदे खुर्ची आणून शेजारी बसले. “काय म्हणतोय, मायो?” त्यांनी अगदी हळू विचारले. त्यांना हळू बोलता येते हे मला ठाऊक नव्हते.

गणित सांगते, चालेल. माझे मन सांगते, जिथे चूक राहिली तिथेच हवा बोट घालील. पंखा पुन्हा ओरडला तर ‘दोन मिलिमीटरमुळे’ हे कोणीही ऐकून घेणार नाही, आणि घेऊ नयेच. पण उद्या चढवले नाही, तर एक निर्दोष न झालेले कडे कार्यशाळेत पडून राहील, आणि तीनशे माणसे दुसऱ्या कुठल्यातरी गावी कामासाठी रांगेत उभी असतील.

“चढवा,” मी म्हटले.

“चढवू,” ते म्हणाले, आणि खुर्चीसकट उठले.

३० जून

दोन खालचे चतकोर बसले. वरचे दोन उद्या. यारी ओढणारी सगळी माणसे बा सिमुकोंदेंच्या गायकवृंदातली निघाली. रविवारची प्रार्थना त्यांनी यारीवरच उरकली. ठेका चुकला की साखळी थांबते आणि ठेका धरला की चालते, असे माझ्या लक्षात आले. मी त्यांना कडवे मध्येच तोडू नका म्हणून सांगितले.

२ जुलै

पात्यांचा कोन वाढवला. पंखा सुरू केला. पंखाघरात मी, चिसांगा, बा सिमुकोंदे आणि त्यांची माणसे. नाल्वाम्बा खाली, सर्वांत खोल टोकाला, फोन आणि वारामापक घेऊन.

परीक्षा अशी: पंख्याच्या तोंडाशी असलेले लोखंडी दार थोडे थोडे मिटत न्यायचे, म्हणजे अवरोध मुद्दाम वाढतो. ज्या दाबाला पंखा आजवर हटकून गुदमरला, तिथे मी मापकाच्या काचेवर लाल रेघ मारली आहे. काटा त्या रेघेकडे निघाला. बाहेर वस्तीकडच्या कुंपणाशी माणसे येऊन उभी होती. पंखा तीन दिवस बंद राहून सुरू झाला आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

काटा रेघेवर आला. पंख्याचा आवाज जाड झाला. गुरगुर सुरू होण्यापूर्वी तो नेमका असाच जाड होतो, आणि मी दार उघडण्याच्या चाकावर हात ठेवला. गुरगुर आली नाही.

काटा रेघ ओलांडून गेला.

मी दार आणखी मिटले. काटा आणखी थोडा चढला, मग थबकला, पण पडला नाही, थरथरलाही नाही. मी कड्यापाशी जाऊन लोखंडावर तळहात ठेवला. आत हवा चालत होती. उलटी येत होती, सरळ होऊन परत जात होती. दोन मिलिमीटरची जागा हाताने शोधली. तिथेही तेच.

माझा विश्वास बसला नाही. दार उघडून सगळे पहिल्यापासून केले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी चिसांगा म्हणाले, “डॉक्टर, आता ते कडं तुमचं ऐकतंय, तर ऐकू द्या ना.” मग दार पुरते उघडले, आणि खाली फोन लावला.

“आकडा सांगा.”

“थांबा, मायो. आधी हे ऐका.”

त्यांनी फोन वाऱ्यात धरला असावा. नुसता एक लांबलचक, अखंड सूं आवाज येत राहिला. त्यात मध्येच कोणीतरी हसले, कोणाची तरी टोपी उडाल्याची आरडाओरड झाली. मी तो आवाज ऐकत किती वेळ उभी होते, याची नोंद केलेली नाही.

मग आकडा मागितला. अपेक्षेपेक्षा तीन टक्के जास्त. म्हणजे माझ्या गृहीतकांत कुठेतरी अतिसावधपणा आहे. तो शोधून काढला पाहिजे. कड्यापायी वीजही किंचित जास्त लागते. तेही अहवालात स्पष्ट लिहीन.

बा सिमुकोंदे रडत होते. मी त्यांना रुमाल दिला.

८ जुलै

वरून निर्णय आला: खोल विभाग चालू राहणार. एक नंबरच्या पंख्यालाही तसेच कडे बसवायचे आहे. बा सिमुकोंदेंनी सुधारलेला नकाशा मागितला आणि विचारले, या वेळी ओठासाठी अर्धा मिलिमीटर ठेवायचा का. मी त्यांना म्हटले, उगाच चढाओढ नको, एक पुरे.

काल रविवारी नाल्वाम्बांच्या बहिणीकडे गेले होते. बहिणीच्या घराचे धुराडे नीट ओढत नाही, अशी तक्रार नाल्वाम्बांनी माझ्याकडे केली होती. धुराड्यात काही दोष आढळला नाही. कापेंता मासळी आणि मक्याच्या पिठाचा न्शिमा जेवून झाल्यावर पुन्हा तपासले, तेव्हाही नाही. मक्याच्या कापणीची हकीकतही ऐकली. ती एवढी लांब असण्याचे काही कारण नव्हते, पण मध्ये तोडावी असेही वाटले नाही.

आज पहिली पाळी पुऱ्या संख्येने खाली जायची होती, म्हणून पहाटे पंखाघराच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. पिंजऱ्याकडची वाट पंख्याच्या समोरूनच जाते. माणसे बोलत, हसत, एकमेकांच्या अंगावर कोपरे मारत गेली. पंखा पूर्ण कोनात चालू होता आणि एकानेही मान वर करून त्याच्याकडे पाहिले नाही. त्याचा आवाज त्यांच्या लेखी आता आवाजच उरलेला नाही. इतक्या कष्टाने केलेल्या कामाची दखल कोणीच घेऊ नये, याचा मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली. तो आला नाही.

नाल्वाम्बा सर्वांत शेवटी होते. ते वाटेत थांबले, वळले आणि वर पाहू लागले. पिंजऱ्यातली माणसे त्यांच्यासाठी खोळंबली. पाळीच्या प्रमुखाने पिंजरा खोळंबवून ठेवणे नियमाला धरून नाही. ‘चला, पुढे व्हा’ म्हणून मी हाताने खूण केली. त्यांनी तिचा भलताच अर्थ घेतला आणि हात हलवला. माझा हात वर गेलेलाच होता, म्हणून मीही हलवला.